मदत हवी आहे : हाफ मॅरेथॉनचा सराव दर वेळी तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो

नीरा_काठ :
सप्टेंबरात सातारा हिल मॅरेथॉन पूर्ण करायची आहे, म्हणजे 21.1 किमी. हातात 20 आठवडे आहेत. वय 38, काम बैठं. सलग 3 किमीच्या पुढे पळवत नाही. तीनदा सराव सुरू केला, तिन्ही वेळा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बंद पडला. आठवड्याचे 5 दिवस पळायचं ठरवलेलं असतं. वेळ मिळत नाही, सकाळी उठवत नाही, नडग्या दुखतात. घरचे म्हणतात, इच्छाशक्ती कमी पडते. नेमकं कुठे अडतंय हे शोधायचं कसं?

घाटवाट :
ताई, 'वेळ नाही' आणि 'इच्छाशक्ती नाही' ही दोन्ही कारणं आधी बाजूला ठेवा. ती इतकी मोघम आहेत की त्यांवर उपायच करता येत नाही. 'साडेपाचला उठले, पण सव्वासहापर्यंत घराबाहेर पडता आलं नाही' यावर करता येतो.

दोन आठवडे काहीही न बदलता फक्त नोंद ठेवा. रात्री किती वाजता झोपलात, गजर किती वाजता, दाराबाहेर किती वाजता पडलात, पहिल्या किलोमीटरला किती मिनिटं लागली, किती अंतरावर थांबलात आणि थांबताना आधी काय जाणवलं : श्वास, नडगी की घड्याळ. ज्या दिवशी पळणं झालं नाही त्या दिवसाची ओळ तर लिहायचीच, खरी माहिती तिथेच असते. घरात आल्या-आल्या लिहा. रात्रीपर्यंत थांबलात तर सगळ्या कारणांचं मिळून 'कंटाळा आला' एवढंच उरतं.

सांधेजोड :
नडग्यांचं मात्र दोन आठवडे थांबवू नका, आजच तपासा. नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात ठणक असेल तर बहुधा हाडाच्या कडेवर ताण आलेला आहे, भार कमी केला की उतरतो. पण एका बोटाखाली मावेल अशा जागीच कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा त्या पायावर एकदा उडी मारतानाही कळ येत असेल, तर पळणं बंद करून हाडांच्या डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर असू शकते. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. म्हणून 'एक्स-रे नॉर्मल आला' एवढ्यावर पळायला लागू नका.

नीरा_काठ :
दोन आठवडे नोंद ठेवली. नडगीला पट्ट्यातच ठणक आहे, एका जागी कळ नाही. 10 दिवसांपैकी 6 दिवस पळणं झालं. नमुन्याला एक ओळ : 'मंगळवार. झोप 12.40. गजर 5.30, लगेच उठले. दूध, दोन डबे. बाहेर 6.15. पहिला किमी 6 मि. 10 से. 1.7 किमीला थांबले, श्वास.' सहाही दिवस 1.5 ते 2 किमीच्या मध्येच थांबले. न झालेल्या चार दिवसांपैकी तीन दिवस उठले होते, पण डबे होईपर्यंत सहा वीस झाले.

घाटवाट :
म्हणजे उठण्याचा प्रश्नच नव्हता! अडतंय दोन ठिकाणी, ओटा आणि वेग.

आधी वेग, कारण नडग्या आणि कंटाळा बहुतेक तिथूनच येतात. 3 किमीची क्षमता असताना पहिला किमी 6.10 ला काढणं ही शर्यत झाली, सराव नव्हे. दम लागतो, थांबावं लागतं, आणि रोज हरल्याची भावना घेऊन घरी यायचं. तिसऱ्या आठवड्यात मन नकार देतं यात नवल नाही. पळताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. तुमच्यासाठी तो वेग किमीला 8 ते 8.30 मिनिटांच्या आसपास निघेल. 2 मिनिटं पळा, 1 मिनिट चाला, असं 10 वेळा, पहिल्या मिनिटापासूनच. दमल्यावर चालण्याचा फायदा होत नाही. पावलं लहान टाका.

दिवस 5 नकोत, 3 पुरे : मंगळवार, गुरुवार, रविवार. रविवारचं अंतर आठवड्याला 1 किमीने वाढवा, दर चौथ्या आठवड्याला थोडं उतरवा. या हिशेबाने उरलेल्या 18 आठवड्यांत 16-17 किमीपर्यंत पोचता, तेवढं पुरतं.

ओट्यासाठी जर-तर लिहून ठेवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात ही पद्धत मांडली; 2006 मध्ये 94 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही ध्येय गाठायला तिचा चांगला उपयोग दिसला. अट मात्र डोळ्यांना दिसणारी हवी. 'जर वेळ झाला तर' चालत नाही. 'जर घड्याळात सहा वाजले आणि दुसरा डबा भरायचा असेल, तर तो तसाच ठेवून बूट घालेन.' 'जर सकाळ हुकली, तर संध्याकाळी 7 ला ऑफिसमधून थेट मैदानावर, 20 मिनिटं.' त्यासाठी बूट पिशवीत भरून रात्रीच दाराशी ठेवा. आणि पहिल्या जर-तरसाठी घरच्यांशी आधी बोलावं लागेल. मंगळवार-गुरुवारचा दुसरा डबा कोण भरणार, हे नाव ठरवूनच उठा.

सांधेजोड :
पोटऱ्यांची ताकद वाढल्याशिवाय नडग्या पुन्हा बोलणार. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा वर-खाली : गुडघा सरळ ठेवून 15 चे 3 फेरे, मग गुडघा किंचित वाकवून तेवढेच. पळण्याच्या दिवशी नको, मधल्या दिवशी. बूट 500 ते 800 किमीनंतर बदला.

वेग कमी करूनही तीन आठवड्यांत दम लागायचा थांबला नाही तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही लोहाचा साठा संपलेला असू शकतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.

नीरा_काठ :
वेगाचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. शर्यतीच्या वाटेवरच्या यवतेश्वरच्या घाटाचा सराव कधीपासून करू?

घाटवाट :
बाराव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदा. चढावर पळणं सुटलं तर झपाझप चाला, अनेक जण तसंच करतात. जास्त काळजी उताराची घ्या. अर्धं अंतर चढून आल्यावर तोच रस्ता उतरायचा असतो आणि मांडीचे पुढचे स्नायू तिथे पिळवटून निघतात. पहिल्या दिवशी उतार 500 मीटरच पळा, उरलेला चालत. पुढचे दोन दिवस मांड्या दुखतील. तिसऱ्या दिवशी जिना सहज उतरता आला तर पुढच्या खेपेला 800 मीटर.