फ्लूचा विषाणू पेशीच्या केंद्रकात का शिरतो?

प्रश्न (सातारा): मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. पोलिओ आणि कोरोना हे विषाणू आपल्या आरएनएच्या प्रती पेशीद्रव्यातच काढतात, हे सांगून झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की फ्लूचा विषाणूही आरएनएचाच असताना तो केंद्रकात कशासाठी जातो? शिवाय विषाणूचा एमआरएनए (प्रथिने बनवण्यासाठी वाचला जाणारा आरएनए) आणि त्याच्या जनुकसंचाची प्रत या दोन्ही गोष्टी मी वर्गात एकच धरल्या होत्या. ते चुकले का?

उत्तर (सांगली): मॅडम, त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. इन्फ्लुएन्झा ए चा आरएनए आठ तुकड्यांत असतो आणि तो ऋण धाग्याचा, म्हणजे एमआरएनएला पूरक अशा उलट क्रमाचा असल्यामुळे पेशीतील प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमला थेट वाचता येत नाही. म्हणून पीबी१, पीबी२ आणि पीए या तीन प्रथिनांचे पॉलिमरेज (आरएनएचे नवे धागे जोडणारे विकर) विषाणू प्रत्येक तुकड्यासोबत घेऊनच येतो. मात्र एमआरएनएच्या सुरुवातीला लागणारी ‘कॅप’ (धाग्याच्या टोकावरची रासायनिक टोपी) त्याला स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे तो ती पेशीकडून चोरतो. पेशीच्या नुकत्याच तयार होऊ लागलेल्या आरएनएची कॅप पीबी२ धरून ठेवते, पीए कॅपपासून साधारण १० ते १३ न्यूक्लिओटाइडांवर तो धागा कापते आणि पीबी१ त्याच तुकड्याला पुढे विषाणूचा एमआरएनए जोडत नेते. असे ताजे धागे केंद्रकातच मिळतात. आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे मूळ उत्तर हेच, आणि प्रश्न फार नेमका आहे.

उत्तर (कराड): यात जनुकसंचाच्या प्रतीविषयी भर घालतो. तिच्यासाठी चोरलेली कॅप लागत नाही. पॉलिमरेज आधी पूर्ण लांबीचा धन धागा आणि त्यावरून पुन्हा ऋण धागा तयार करते. एमआरएनए मात्र टोकापर्यंत पोहोचत नाही, कारण टोकाच्या थोडे अलीकडे असलेल्या सलग यू अक्षरांवर पॉलिमरेज अडखळते आणि तेथेच ए अक्षरांची शेपटी तयार होते. पूर्ण प्रतीसाठी नव्याने बनलेले पॉलिमरेज, एनपी हे प्रथिन आणि पेशीचे एएनपी३२ हे प्रथिनही लागते. पक्ष्यांमधील एएनपी३२ए (याच प्रथिनाचा एक प्रकार) माणसातल्यापेक्षा वेगळे असल्याने पक्ष्यांच्या फ्लूचे पॉलिमरेज आपल्या पेशीत सहसा मंद चालते. पीबी२ मधील ६२७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन आले, तर ही अडचण बरीच दूर होते. कुक्कुटपालन करणाऱ्या आपल्या भागात हा बदल वर्गात अवश्य सांगावा.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. पीएची ही कापणी औषधाने थांबवता येते का?

उत्तर (सांगली): होय, बॅलोक्झाव्हिर नेमके तेच करते, जपानमध्ये त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ओसेल्टामिव्हिर या दुसऱ्या औषधाचे लक्ष्य वेगळे आहे: ते विषाणूचे न्यूरामिनिडेज हे विकर रोखते, म्हणजे प्रती तयार झाल्यानंतर नव्या विषाणूंची पेशीपासून होणारी सुटका अडवते.