अनौपचारिक स्नेहमेळाव्याला क्लबची सभा मानावे का?

पार्लेकर सचिव

पश्चिम उपनगरातील आमच्या रोटरी क्लबने १ जुलैपासून, म्हणजे नव्या रोटरी वर्षापासून, दर महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी नेहमीच्या सभेऐवजी संध्याकाळी स्नेहमेळावा घ्यावा, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. त्या दिवशी सभा सुरू करणारी घंटा वाजणार नाही, वक्ता नसेल, प्रकल्पांचे अहवाल वाचले जाणार नाहीत. सभासदांनी घरच्यांसह यावे, चहा-बटाटेवडे घ्यावेत आणि गप्पा माराव्यात, एवढेच अपेक्षित आहे. काही ज्येष्ठांचे म्हणणे असे की ही सेवाभावी संस्था आहे, जिमखाना नव्हे. इतिहास मात्र त्यांच्या बाजूने नाही. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तीन परिचितांना एकत्र आणले ते कोणताही प्रकल्प हाती घेण्यासाठी नव्हे, तर लहान गावातला घरोबा त्या अफाट शहरात कुठेच सापडत नव्हता म्हणून. सार्वजनिक स्वच्छतागृहांचा त्यांचा पहिला लोकोपयोगी उपक्रम त्यानंतरचा आहे. शिवाय २०१६ पासून सभेचे स्वरूप ठरवण्याची मोकळीक क्लबांना मिळालेली आहे. महिन्यातून किमान दोनदा भेटले म्हणजे झाले. तेव्हा अशा संध्याकाळीला सभेचा दर्जा देण्यात अडचण कोणती?

माजी खजिनदार, मुलुंड

सचिवसाहेब, इतिहास आपण सोयीपुरता सांगितलात. त्या पहिल्या मंडळींना एकमेकांच्या ओळखीतून धंदाही वाढवायचा होता, आणि संस्था मोठी झाली ती त्या वर्तुळाबाहेर पडली म्हणून. १९८५ मध्ये रोटरीने जगभरातील पोलिओ निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. या सगळ्या काळात लसीकरणाच्या रविवारी कोणत्या बूथवर कोणी बसायचे, हे कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या सभांमध्येच ठरत असे.

दुसरा मुद्दा पैशाचा. बटाटेवडे पहिले दोन-तीन महिने टिकतात. मग कोणीतरी वांद्र्यातले हॉटेल सुचवतो, बिल समान वाटले जाते, आणि फक्त लिंबू सरबत घेतलेला शिक्षक सभासद पुढच्या महिन्यापासून काहीही न बोलता यायचे बंद करतो. सेवाकार्यासाठी जमा झालेला निधी अशा कार्यक्रमावर खर्च करता येत नाही, हे उत्तमच आहे. पण मग खर्च प्रशासकीय खात्यातून होणार, म्हणजे न येणाऱ्यांच्याही वर्गणीतून.

अंधेरीची रोटरॅक्टर

काका, बिलाचा मुद्दा मान्य. पण दुपारी फोर्टातल्या हॉटेलात भरणाऱ्या जेवणाच्या सभा ज्यांची स्वतःची पेढी आहे त्यांनाच परवडतात. बीकेसीत नोकरी करणाऱ्याला दुपारी दोन तास कोण सोडणार? मला रोटरॅक्टमधून, म्हणजे रोटरीच्या तरुणांसाठीच्या क्लबातून, रोटरीत यायचे आहे, आणि माझ्यासारखीला संध्याकाळच मोकळी असते.

दादरची सभासद

संध्याकाळच्या वेळेला माझा विरोध नाही, आणि खर्चाचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. माझा आक्षेप सचिवांनी ज्याचा उल्लेखही केलेला नाही त्या गोष्टीला आहे. जिथे विषयपत्रिका नसते तिथे निर्णय होत नाहीत, असे समजणे भाबडेपणाचे आहे. ते होतात, फक्त त्यांची नोंद राहत नाही. पूर्वी मी ज्या क्लबात होते (त्याचे नाव येथे नको), तेथे पुढचा अध्यक्ष कोण, कोणत्या शाळेला संगणक द्यायचे, प्रायोजक म्हणून कोणाकडे जायचे, हे सारे सभा संपल्यावर रात्री रेंगाळणाऱ्या चार-पाच जणांमध्ये ठरत असे आणि पुढच्या सभेत आम्ही बाकीचे हात वर करत असू. रेंगाळणारे कोण असत, हे सांगायला नको. ज्या बाईला साडेआठला निघून बदलापूरची गाडी पकडायची आहे, घरी सासूबाईंना औषध द्यायचे आहे, ती या बैठकीत नसतेच.

स्त्रियांना रोटरीत जगभर प्रवेश मिळाला तो १९८९ मध्ये, तोही त्याआधी १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रोटरी इंटरनॅशनल या मध्यवर्ती संस्थेविरुद्ध निकाल दिल्यानंतर. दार उघडले, पण खुर्ची मिळाली ती सभेच्या शिस्तीमुळे. घंटा, हजेरी, विषयपत्रिका, इतिवृत्त हे सारे कंटाळवाणे वाटते हे खरे; तरीही त्यामुळेच नवख्या सभासदाला बोलण्याची पाळी मिळते आणि आपण काय बोललो ते कागदावर राहते.

पार्लेकर सचिव

ताई, मुद्दा गंभीर आहे. स्नेहमेळाव्यात कोणताही निर्णय घेतला जाणार नाही, असे प्रस्तावातच लिहितो. खजिनदारसाहेबांना एवढेच विचारतो की, रविवारी सकाळी सात वाजता स्टेशनबाहेरच्या बूथवर माणूस येतो तो यादीत नाव आहे म्हणून, की ज्याने फोन केला त्याला नाही म्हणवत नाही म्हणून? माझा अनुभव दुसऱ्या बाजूचा आहे. नुसत्या सभांना येणारे सभासद देणगीचा धनादेश देतात, पण रक्तदान शिबिराच्या खुर्च्या उचलायला येत नाहीत.

दादरची सभासद

'निर्णय होणार नाही' असे लिहून निर्णय थांबत नाहीत. गप्पांवर पहारा कोण ठेवणार? स्नेहमेळावा जरूर घ्या, मीही बाकरवडी घेऊन येईन. फक्त तो सभेच्या जागी नको, सभेव्यतिरिक्त घ्या.

अंधेरीची रोटरॅक्टर

म्हणजे महिन्यात आणखी एक संध्याकाळ! नोकरदारांना ते जमणार नाही, आणि मग तिथेही तेच चार-पाच जण उरतील.

माजी खजिनदार, मुलुंड

या मुलीचे बोलणे बरोबर आहे, आणि तिच्यासारखी माणसे क्लबला हवी आहेत. माझी अट अशी: जागा क्लबच्या नेहमीच्या सभागृहातलीच, खाणे घरून आणलेले, मद्य नाही, नऊ वाजता दिवे बंद, आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात कोण आले होते व खर्च किती झाला याची एक ओळ. हे मान्य असेल तर मतदानात मी तटस्थ राहीन.

दादरची सभासद

मी विरोधातच मत देणार आहे. अध्यक्षपदाची नावे डिसेंबरच्या वार्षिक सभेआधी कुठे चर्चिली जातात, ते सचिवांनी तोपर्यंत पाहावे.