हार्टमनचा ३५२ चा आकडा
दुसऱ्या महायुद्धातल्या एरिख हार्टमन या जर्मन लढाऊ वैमानिकाबद्दल "एकट्याने ३५२ विमानं पाडली हा निव्वळ प्रचार" असं म्हणतात, ते मला पटत नाही. एकेका नोंदीवर वाद घाला, पण त्याने १४०० च्या वर उड्डाणं केली होती. अमेरिकन वैमानिक ठरावीक फेऱ्या झाल्या की घरी परतत. जर्मनांना ती सोयच नव्हती. त्यात त्याची पद्धत अशी, की शत्रूचं विमान समोरची अख्खी काच व्यापेपर्यंत गोळी झाडायची नाही. मग फुटलेल्या विमानाचे तुकडे त्याच्याच मेसरश्मिट विमानावर आदळायचे आणि कसंबसं खाली उतरावं लागायचं.

मला मात्र पुढचं जास्त लागतं. युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी त्याला सोव्हिएतांच्या हवाली केलं. सुटला तो थेट १९५५ मध्ये. मुलगा १९४५ मध्ये जन्मला, तीन वर्षांचा असताना वारला. बापाने त्याला एकदाही पाहिलं नाही.