दिवाळीला गावी जाताना काय न्यावे, आणि परतताना काय आणावे?

प्रश्न (स्टुटगार्ट, मूळ गाव आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार. गेल्या चार दिवाळ्या मी जर्मनीतच काढल्या. गावी पहाटे पाचला आंघोळीसाठी बंब पेटतो तेव्हा येथे मध्यरात्र उलटलेली असते आणि मी फोनवर अंगणातल्या पणत्या पाहत बसते. यंदा रजा मिळाली असून सहा वर्षांच्या मुलाला घेऊन मी गावी जाणार आहे. भावाने मोबाइल सांगितला आहे. आई-बाबांना मात्र काय आणू असे विचारले की ‘काही नको, तू ये म्हणजे झालं’ एवढेच उत्तर येते. मागच्या खेपेला मोठ्या हौसेने नेलेले कॉफीचे यंत्र अजून खोक्यातच आहे, त्यामुळे पुन्हा तशी चूक करायची नाही. माझ्याही काही इच्छा आहेत: आईच्या हातच्या कुरोड्या, जवसाची चटणी, घरचे तूप, आणि लहानपणी तान्ह्या पोळ्याला ज्याची दोरी धरून मी घरोघरी बोजारा (सणाचे खाऊ-पैसे) मागत फिरले, तो माझा लाकडी बैल. सोयाबीन मनासारखे न झालेल्या वर्षी आपण मागण्या कराव्यात का, हेही कळत नाही.

उत्तर १ (पुलगावजवळील एक आई)

बाई, माझाही मुलगा परदेशात असतो, म्हणून आईच्या बाजूने लिहिते. ‘काही नको’ असे आम्ही म्हणतो, कारण तुम्ही तिकडे पोटाला चिमटा काढून खर्च कराल अशी धास्ती असते, आणि आपल्या लेकराकडे मागायला जीभही रेटत नाही. म्हणून ‘काय आणू’ असे विचारू नका. दिवस कसा जातो ते विचारा. माझ्या मुलाने एकदा वडिलांना जागलीबद्दल सहज विचारले. शेतीपंपाची लाईन पाळीने रात्री येते, तेव्हा हरभऱ्याला पाणी द्यायला एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात फावडे धरून हे निघत, आणि दांड फोडताना बॅटरी दातात धरत. ते ऐकून त्याने कपाळावर बांधायचा दिवा आणला. त्याचा पट्टा घामाने काळा पडला आहे, एवढा तो वापरात आहे. तुमच्या मागण्यांचे म्हणाल तर त्या अवश्य करा. कुरोड्यांचा गहू तीन दिवस भिजवावा लागतो आणि त्या उन्हाळ्यातच होतात, त्यामुळे तुमच्या आईने वाटा आधीच डब्यात काढून ठेवला असेल. तो मागितला नाही तर तिला वाईट वाटेल.

उत्तर २ (फ्रँकफर्ट, मूळचा दारव्ह्याचा)

ताई, सामानाचे नियम आधी पाहून घ्या. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणून तूप, खवा आणि पेढे गावीच पोटभर खाऊन या. संत्री आणि ओला कढीपत्ता वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. माझी संत्र्यांची पिशवी विमानतळावर माझ्या डोळ्यांदेखत टाकून दिली गेली, आणि ती आमच्याच बागेतली होती याचे दुःख आजही आहे. कुरोड्या, वायगावची हळद आणि भिवापुरी तिखट मात्र नीट बंद करून आणता येते. जवसाची चटणी कोरडी करायला सांगा, म्हणजे पिशवीला तेल सुटणार नाही. जाताना दिवा नेणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. दोन्ही देशांत विजेचा दाब 230 व्होल्टच आहे, त्यामुळे चार्जरची काळजी नाही. मोबाइलचे पैसे भावाला द्या आणि त्याला वर्ध्यातच घेऊ द्या, कारण बिघडल्यावर तो दुरुस्तीसाठी तुमच्याकडे पाठवता येणार नाही.

प्रश्नकर्तीचे उत्तर

काकू, दादा, मनापासून आभार. आज बाबांना मी काय आणू हे विचारलेच नाही. रानडुकरांचा त्रास कितपत आहे एवढेच विचारले, आणि ते अर्धा तास बोलले. बॅटरीचा उजेड आता बांधापर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी बोलता बोलता सांगितले, तेव्हा दोन दिवे घेणार आहे, एक भावासाठी. बैलाची आठवण काढली तर तो माळ्यावरच आहे, पण त्याचे पुढचे एक चाक निघाले आहे असे समजले. सीतादही (कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा) झाली की सुताराकडे नेऊन नवे चाक बसवून ठेवतो, असे बाबा म्हणाले, आणि नातू त्याची दोरी कोणत्या हातात धरेल हेही त्यांनी विचारले. तो डावखुरा आहे.