पुरानंतर माझी जाऊ त्यावर बोलतच नाही, काउन्सेलर म्हणतात चित्रं आणि बोलणं दोन्ही करूया. कुणाला अनुभव आहे का?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी, चिपळूणहून लिहितेय. २२ जुलै २०२१ चा पूर इथल्या कुणाला वेगळा सांगायला नको. माझी धाकटी जाऊ त्या दिवशी दोन पोरांना घेऊन माळ्यावर अडकली होती, खाली पाणी चढत होतं आणि शेजारच्या आजी हाका मारत होत्या, मग त्या हाका थांबल्या. एवढंच आम्हाला माहितेय आणि तेही पोरांनी सांगितलं म्हणून. ती स्वतः त्यावर एक अक्षर काढत नाही. घर साफ झालं, दुकान परत उभं राहिलं, लोकांना वाटतं झालं गेलं गंगेला मिळालं, पण अजूनही पाऊस जोरात लागला की ही रात्रभर टक्क जागी, कागदपत्रांची पिशवी दाराशी, पोरांना शाळेत पाठवायला तयार नाही आणि मागून कुणी मोठ्याने हाक मारली तरी थरथरते.

शेवटी दिराला समजावून तिला काउन्सेलरकडे न्यायला लागलो. पण तिथे गेलं की मान खाली, "बरं आहे" एवढंच, आणि तास संपतो. आता त्या मॅडम म्हणतात की नुसत्या बोलण्यावर न राहता सोबत आर्ट थेरपी (चित्रं वगैरे काढून उपचार) पण करूया. सासूबाई म्हणतात या वयात रंगपेट्या कसल्या, त्यापेक्षा देवीला गाऱ्हाणं घाला. दिराला वाटतं पैसे घालवायचे धंदे. मला खरंच कळत नाहीये, शाळेनंतर जिने पेन्सिल हातात धरली नाही तिला चित्रांचा काय उपयोग होणार, आणि उलट सगळं उकरलं जाऊन त्रास वाढला तर? कुणी दोन्ही एकत्र केलंय का, प्लीज सांगा.

रत्नागिरी_क्लिनिकल
ताई, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पूरग्रस्त आणि दरडग्रस्त घरांतली माणसं माझ्याकडे येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमच्या जावेला मी बघितलेलं नाही, तेव्हा निदान करत नाहीये.

पहिलं म्हणजे ती बोलत नाही हा हट्ट नाही. भयंकर प्रसंगाची आठवण जागी होते तेव्हा शब्द जुळवणारा मेंदूचा भाग मंदावतो असं १९९६ सालच्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात दिसलं होतं, ब्रोका एरिया म्हणतात त्याला. अभ्यास छोटा होता, आठच जण होते, पण जे दिसलं ते आम्ही रोज समोर बघतो. माणसाला वास आठवतो, आवाज आठवतो, पोटात गोळा येतो, आणि वाक्य मात्र तयार होत नाही. अशा वेळी "सांग ना काय झालं" म्हटलं की ते माणूस आणखी मिटतं. हाताने काहीतरी करायला मिळालं की दुसरी वाट मिळते. चित्र चांगलं यावं लागत नाही, रेघोट्या चालतात, एक कोपरा काळा करून ठेवला तरी चालतो.

पण (आणि हे घरच्यांना नक्की सांगा) नुसतं चित्र काढून घरी आलं की काम झालं असं नाही. चित्राने जे बाहेर येतं ते धरायला, त्याला मागचं पुढचं लावायला बोलणं लागतंच. जुना वाद आहे हा. अमेरिकेत आर्ट थेरपीच्या सुरुवातीच्या थेरपिस्टपैकी मार्गारेट नाउमबर्ग पेशंटला चित्र काढायला लावून मग त्यावर त्याला स्वतःला बोलू द्यायच्या, एडिथ क्रेमर यांचं म्हणणं होतं की घडवण्याची क्रियाच बरं करते. ट्रॉमाच्या, म्हणजे मनावर बसलेल्या अशा धक्क्याच्या बाबतीत माझं मत नाउमबर्गकडे झुकतं, दोन्ही एकाच खोलीत, एकाच माणसासोबत, किंवा दोन वेगळे थेरपिस्ट असतील तर ते एकमेकांशी बोलणारे हवेत.

आणि त्रास वाढण्याची तुमची भीती अगदी रास्त आहे. म्हणून पूर काढायला पहिल्या दिवशी कुणी सांगत असेल तर ते चूक. आधी सुरक्षित वाटणं, मग आठवण आणि शोक, मग परत माणसांत येणं, हा क्रम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये मांडला आणि आजही आम्ही त्याच अंगाने जातो. सुरुवातीला आजचा दिवस कसा गेला त्याचा नुसता रंग, जिथे बरं वाटतं ती जागा, मग अंगाची बाह्यरेषा काढून भीती कुठे बसते ते रंगवणं, असं हळूहळू. आणि उठायच्या आधी पाच-दहा मिनिटं हातपाय मोकळे करून, इकडचं तिकडचं बोलून माणूस आजच्या तारखेला परत आणायचा, तसाच उघडा सोडायचा नाही.

मालवणी_खलाशी
मी करून घेतलंय, म्हणून सांगतो. वादळात आमची होडी उलटली, माझा चुलतभाऊ गेला, मी वाचलो. नंतर किती तरी महिने समुद्राकडे तोंड करून उभा राहू शकत नव्हतो. मॅडम विचारायच्या आणि माझा गळा बंद व्हायचा, अक्षरशः आवाज यायचा नाही. मग त्यांनी कागद आणि साधी पेन्सिल दिली, म्हणाल्या जे हाताला ठाऊक आहे ते काढा. मी जाळं काढलं. दुसरं काय काढणार, लहानपणापासून तेच विणतोय. पुढच्या वेळी पण जाळं, त्याच्या पुढच्या वेळी पण जाळं, घरी सांगायला लाज वाटायची. मॅडमनी एकदाही विचारलं नाही की याचा अर्थ काय. एक दिवस जाळ्यात एका जागी आसच भरले नाहीत, तिथे मोकळं राहिलं, ते त्यांनी बघितलं आणि बोट न लावता विचारलं, इथे काय आहे. मी म्हटलं, इथून हात सुटला. त्या दिवशी पहिल्यांदा बोललो आणि मग थांबता येईना, रडू पण आलं, त्यांनी घाई केली नाही. आता मी सगळं नीट आहे असं म्हणणार नाही, अजून वारा फिरला की छातीत धडधडतं, पण भावाचं नाव घेऊ शकतो, त्याच्या पोरांशी त्याच्याबद्दल बोलू शकतो. आये शेजारणीला सांगत होती, माझो झील बोलाक लागलो.

आमच्या कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर लोकांची चित्रकथी आहे ना, एकेक चित्र समोर धरतात आणि त्यावर कथा सांगतात, मला तर ते दोन्ही एकत्र लागतंय हे तेव्हाच पटलं. ताई, जावेला माती पण देऊन बघा, गणपतीच्या शाळेत (मूर्ती घडवतात तिथे) बसल्यासारखं शांत वाटतं हाताला.

पुरावा_हवा
कुणाचं मन मोडायचं नाहीये, पण पैसा आणि वेळ जाणार असेल तर हेही कळलं पाहिजे. पीटीएसडीसाठी (भयंकर प्रसंगानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी) डब्ल्यूएचओ आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या गाइडलाइन्समध्ये ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी (त्या प्रसंगाबद्दलचे विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळ्यांची ठरावीक हालचाल करत केली जाणारी थेरपी) यांची शिफारस आहे, कारण त्यांच्यावर मोठे अभ्यास झालेत. आर्ट थेरपीवरचे अभ्यास छोटे छोटे आणि एकमेकांशी न जुळणारे आहेत. बायकोच्या आजारपणात मी हे सगळं वाचून काढलं होतं. त्यामुळे आर्ट थेरपी "ऐवजी" म्हणून नको, "सोबत" म्हणूनच घ्या, आणि काउन्सेलर मॅडमना स्पष्ट विचारा की तुम्ही ट्रॉमाची कुठली पद्धत शिकलाय. हा प्रश्न विचारल्यावर चांगला थेरपिस्ट रागावत नाही.

रत्नागिरी_क्लिनिकल
पुरावा_हवा, मुद्दा बरोबर आहे, मी यातलं काहीच खोडणार नाही. फक्त एवढं जोडते की सीबीटी असो की ईएमडीआर, माणूस खोलीत टिकला तरच पुढे जाता येतं. जे पेशंट दुसऱ्याच वेळेनंतर येणं बंद करतात त्यांच्यासाठी चित्रं हा टिकून राहायचा मार्ग होतो, आणि मग मुख्य उपचार सुरू करता येतो.

खलाशी दादा, तुमचं वाचून फार बरं वाटलं. पण मातीबद्दल थांबा जरा. चिपळूणच्या घरांतून पाणी ओसरल्यावर जो गाळ निघाला तो ज्यांनी उपसलाय, त्याचा वास घेतलाय, त्यांना ओली माती हातात देणं म्हणजे थेट त्या दिवसात ढकलणं होऊ शकतं. वॉटरकलरचंही तसंच, ओला रंग कागदावर पसरत जातो, थांबवता येत नाही, पुरातून गेलेल्या माणसाला ते बघवत नाही कधी कधी. म्हणून सुरुवात कोरड्या आणि हाताच्या ताब्यात राहणाऱ्या गोष्टींनी, पेन्सिल, ऑइल पेस्टल, मासिकातली चित्रं कापून चिकटवणं. माती, पाणी पुढे, तिने स्वतः मागितलं तर.

वाशिष्ठीकाठ
अगं बाई, मातीचं तुम्ही अगदी नेमकं धरलंत. गणपतीच्या वेळी कारखान्यात मूर्ती बघायला गेलो होतो तर ही दारातूनच परत फिरली, आम्हाला वाटलं भाविकपणा कमी झाला की काय. खलाशी दादा, भावाबद्दल वाचून डोळे भरून आले. दिराला तुमचं वाचून दाखवलं, तो काही बोलला नाही पण पुढच्या वेळी मी नेतो म्हणाला.

अजून दोन गोष्टी. तिने काढलेली चित्रं घरी आणायची का, सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतील ही मला धास्ती आहे. आणि तिची मोठी मुलगी शाळेच्या वहीत मागच्या पानांवर सारखं एकच काढते, घर, निळ्या रेषा, आणि वर खिडकीत तोंडं. त्यालाही आर्ट थेरपीच म्हणायचं का?

दापोली_ड्रॉइंगसर
मी चित्रकला शिक्षक आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं त्यानंतर आमच्या वर्गात पोरं नुसती मोडलेली झाडं आणि पत्रे उडालेली घरं काढायची. बहुतेकांच्या चित्रांत हळूहळू बदल झाला, कुणी नवीन कलम लावलं, कुणी छपरावर माणूस बसवला. दोघा-तिघांच्या चित्रात मात्र काहीच हललं नाही, त्यांच्या पालकांशी मी बोललो आणि डॉक्टरांकडे पाठवलं. आम्ही शिक्षक मुलाला कागद, वेळ आणि शांतता देऊ शकतो, उपचार आमचं काम नाही. वर्गासमोर त्या चित्रावर मार्क देऊ नयेत आणि "छान छान फुलं काढ बघू" पण म्हणू नये.

रत्नागिरी_क्लिनिकल
सर अगदी योग्य बोलले. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात चौचिला गावी स्कूलबसमधल्या २६ मुलांना पळवून नेलं होतं, ती सगळी परत आली, पण लेनोर टेर या बालमानसतज्ज्ञांनी त्यांना पुढे बघितलं तेव्हा काही मुलं तोच प्रसंग खेळात परत परत करत होती आणि त्यातून त्यांना हलकं वाटत नव्हतं. तुमच्या पुतणीचं वर्णन वाचून मला तेच आठवलं. वही हिसकावू नका, ओरडू नका, शेजारी बसून "या खिडकीतून काय दिसतंय" एवढं विचारलंत तरी पुरे, उत्तर दिलं नाही तर सोडून द्या. पण तिलाही दाखवा. आई बरी होतेय म्हणून मूल आपोआप होईल असं धरून चालू नका.

जावेची चित्रं थेरपिस्टकडेच फाइलमध्ये ठेवता येतात, हे पहिल्याच वेळी बोलून घ्या. घरी आणायचं की नाही, फाडायचं की ठेवायचं, हे फक्त तिने ठरवायचं, आणि घरात कुणीही त्याचा अर्थ लावायचा नाही. सासूबाईंना गाऱ्हाणं घालायचं असेल तर खुशाल घालू दे, त्याने उपचाराला बाधा येत नाही, जावेलाही सोबत जावंसं वाटलं तर जाऊ दे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं नाव आरसीआयच्या (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्टरमध्ये तपासता येतं, आर्ट थेरपिस्टची तिथे तशी यादी नाही, म्हणून कुठे शिकलात आणि कुणाच्या देखरेखीखाली काम करता हे विचारा, वीकेंड वर्कशॉप केलेल्या माणसाकडे ट्रॉमा सोपवू नका. झोप अजिबात नसेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ती बोलली तर वाट बघू नका, सिव्हिलमध्ये सायकिअ‍ॅट्रिस्टना दाखवा किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत या. रात्रीबेरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आणि जमलं तर पाऊस सुरू व्हायच्या आत सुरू करा, मे महिन्यात तिचं डोकं जेवढं शांत असेल तेवढं जुलैत नसणार.

वाशिष्ठीकाठ
पुढच्या मंगळवारची वेळ घेतली, मुलीलाही सोबत नेतोय. जावेला विचारलं ऑइल पेस्टल आणू का, तर म्हणाली आण, पण निळा नको.