ॲप डेव्हलपर व्हायचंय: क्लास लावू का? आणि फ्लटर की कोटलिन?

कळवा_स्लो:
बीएस्सी आयटी झालंय. सध्या रबाळे एमआयडीसीत डेटा एंट्री करते. मोबाइल ॲपच्या लाइनमध्ये शिरायचंय. ठाण्यातल्या एका क्लासने 'जॉब गॅरंटी'सकट ८५ हजार सांगितलेत, हप्त्याने. लॅपटॉप ८ जीबीचा आहे, मॅक नाही. आई वागळे इस्टेटमधल्या ऑफिसांना डबे देते, म्हणजे फी शेवटी तिच्याच डब्यांतून निघणार. म्हणून आधी विचारून घेतेय. कोणी म्हणतं फ्लटर (ॲप बनवायचं साधन), कोणी म्हणतं कोटलिन (अँड्रॉइड ॲपची भाषा). ताई-दादांनो, स्पष्ट सांगा.

वाशीचा_फ्लटरवाला:
फ्लटर. डोळे झाकून. छोट्या कंपन्यांना एकाच कोडमध्ये अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही हवं असतं. त्याची भाषा डार्ट, ती पटकन हाताला बसते. क्लासबिस नको, डॉक्युमेंटेशन फुकट आहे.

क्रॅशलॉग:
डोळे उघडे ठेवूनच ठरव गं. आधी पैशाचं बोलू. गॅरंटीचा कागद वाचायला माग. त्यात 'प्लेसमेंट असिस्टन्स' असं लिहिलं असेल तर ती गॅरंटी नव्हे, बायोडेटा दोन ठिकाणी पाठवला की त्यांची जबाबदारी संपली. हप्ता कोणाला भरायचा तेही विचार. बरेचदा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तुझ्या नावावर. क्लास अर्ध्यात सोडलास तरी ईएमआय सुटत नाही. गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोझ' हा कोर्स मोफत आहे, तो आधी संपव.

भाषा? तुझ्या परिस्थितीत कोटलिन. गूगलने २०१९ मध्येच अँड्रॉइडसाठी पहिली पसंती कोटलिन असं जाहीर केलंय. आणि आयफोनचं बिल्ड, म्हणजे फोनवर टाकायचं तयार ॲप, ॲपलच्या एक्सकोड या सॉफ्टवेअरशिवाय निघत नाही, एक्सकोड मॅकवरच चालतं. म्हणजे फ्लटर शिकलीस तरी त्यातली आयफोनची बाजू तुला घरी तपासता येणार नाही. ८ जीबीत अँड्रॉइड स्टुडिओ (ॲप लिहायचं सॉफ्टवेअर) चालतो, रडतखडत. एम्युलेटरच्या (लॅपटॉपवरच्या नकली फोनच्या) वाटेला जाऊ नकोस, केबल लावून आपल्याच फोनवर ॲप चालव.

मी महापेला असते, फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. टू-डू लिस्ट, हवामान, कॅल्क्युलेटर... तीच ती ॲप्स, फक्त रंग वेगळे. (हवामानाच्या ॲपचा तर मला वीट आलाय.) कोड बघण्याआधी मी फोन मागते. एरोप्लेन मोड लावते. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज' (बाहेर पडताच ॲपचा पडदा पुसून टाकणारं सेटिंग) चालू करते, फॉर्म अर्धा भरून बाहेर पडते आणि परत येते. फॉर्म कोरा झाला? चालेल, पण का झाला ते सांगता आलं पाहिजे. मग फोनची भाषा मराठी करते. इथे भले भले अडकतात. सिंपलडेटफॉरमॅटला (तारीख लिहून देणाऱ्या कोडला) लोकेल, म्हणजे भाषा-देशाचं सेटिंग, दिलं नसेल तर तो फोनचंच लोकेल उचलतो, तारखेचे आकडे देवनागरीत बनतात, तसेच सर्व्हरकडे जातात आणि सर्व्हर ती तारीख परत फेकतो. पडद्यावर दाखवायची तारीख मराठीत असू दे, पाठवायची मात्र 'लोकेल रूट'ने, म्हणजे कुठल्याच भाषेला न बांधलेल्या लोकेलने बनवायची. ज्याचं ॲप एखाद्या खऱ्या माणसाच्या फोनवर चाललंय त्याला हे विचारावंच लागत नाही.

आणि तुझं ॲप तुझ्या घरातच आहे की! डब्याच्या खाड्याचा हिशेब. सोपा वाटतो ना? समज, महिन्याच्या मध्यात आईने डबा ८० चा ९० केला. आधीच्या पंधरा दिवसांचं बिल ९० ने लागता कामा नये. म्हणून डब्याचा दर नुसता ग्राहकाच्या नावापुढे लिहून भागत नाही. 'कधीपासून' या तारखेसकट वेगळ्या टेबलात ठेवावा लागतो. कोणी अर्धा डबा घेतं. कोणाला चतुर्थीला उपासाचा हवा. आदल्या रात्री कळवलं तर खाडा धरायचा, सकाळी भाजी फोडणीला पडल्यावर कळवलं तर नाही. हे सगळं रूम डेटाबेसमध्ये (फोनमध्येच माहिती साठवायची अँड्रॉइडची सोय) बसव. पुढे एखादा कॉलम वाढवलास की मायग्रेशन (जुनी माहिती नव्या रचनेत नेणारा कोड) लिहावं लागेल, नाहीतर अपडेट घेतल्यावर ॲप उघडताच कोसळेल. एवढं केलंस तर मुलाखतीत मी ऐकत बसेन आणि तू बोलशील.

प्ले स्टोअरवर ॲप टाकायला लागणारं प्ले कन्सोलचं खातं २५ डॉलर, एकदाच. (ॲपलला ९९, तेही दरवर्षी.) नवं वैयक्तिक खातं असलं की ॲप थेट सगळ्यांसाठी खुलं करता येत नाही: निदान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांपुरत्या चाचणीत) लागतात, त्यानंतर अर्ज. पैसे घेऊन टेस्टर पुरवणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. दुधाचा, पेपरचा, कामवाल्या मावशींचा खाडा घरोघरी असतो. बिल्डिंगमध्येच १२ जणं मिळतील.

वाशीचा_फ्लटरवाला:
मॅकचा मुद्दा मान्य. पण छोट्या कंपनीत दोन वेगळे डेव्हलपर ठेवायला मालक तयार नसतो, हेही तिला सांगा की.

क्रॅशलॉग:
खरंय ते. म्हणून कोटलिनमध्ये एक ॲप नीट उभं राहिलं की फ्लटर शिकावंच. दोन्ही एकदम नको, एवढंच माझं म्हणणं. आणि हातातली नोकरी इतक्यात सोडू नकोस.

कळवा_स्लो:
क्लासला फोन केला. कागद ईमेलवर मागितला तर 'ऑफिसला या, समोरासमोर बोलू' म्हणाले. जात नाही.
ताई, आईला दराचं विचारलं. ती जुन्या गिऱ्हाइकांना जुनाच दर ठेवते, वाढीव फक्त नव्यांना. मग डब्याचा दर ग्राहकाच्या नावापुढेच ठेवला तर?

क्रॅशलॉग:
तरी नाही. आज ना उद्या जुन्यांचाही वाढवेलच ती. ग्राहक, दर, कधीपासून, तिन्ही एका ओळीत ठेव. दर बदलला की नवी ओळ, जुनीला हात लावायचा नाही. बिल काढताना त्या दिवशी लागू असलेली ओळ शोधायची. आणि गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर सध्या फोनमध्येच राहू देत, सर्व्हरवर नको. प्ले स्टोअरचा डेटा सेफ्टीचा फॉर्म (ॲप कोणती माहिती गोळा करतं ते सांगायचा) भरणं सोपं जाईल. प्रायव्हसी पॉलिसीची लिंक मात्र तरीही द्यावी लागते, तेवढं पान आधी तयार ठेव.