ड्राइव्हवेचं डांबर: तीन कोटेशनं आणि तीन भाव

विषय: ड्राइव्हवे नव्याने करायचा आहे, कोटेशन कसं वाचायचं?

मंडळाच्या मेलिंग लिस्टवरच्या सगळ्यांना नमस्कार,

आम्ही घेतलेल्या घराचा ड्राइव्हवे, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची मोटारीची वाट, पार खराब झाला आहे. मधल्या पट्ट्यात जाळीसारख्या बारीक भेगा पडल्यात, एका कडेचे तुकडे निघताहेत आणि पाऊस पडला की गॅरेजच्या तोंडाशी पाणी साचतं. क्षेत्रफळ साधारण 600 चौरस फूट.

तिघांकडून कोटेशनं घेतली. पहिल्याचं कोटेशन एका ओळीचं आहे: ‘ड्राइव्हवे डांबरीकरण, 2 इंच’ आणि पुढे रक्कम. दुसरा म्हणतो, उखडायची गरजच नाही, आहे त्यावर नवा थर टाकतो. तिसऱ्याने दोन पानं भरून लिहिलंय आणि त्याची रक्कम पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट आहे. तिघेही बोलायला चांगले वाटले. पण हा दुपटीचा फरक नेमका कशाचा, हे कळल्याशिवाय कुणालाच होकार द्यायचा नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. या कामातलं कुणाला माहीत असेल तर कृपया सविस्तर लिहा.

— यंदाच्या नव्या सभासद

---

विषय: पुन्हा: ड्राइव्हवे नव्याने करायचा आहे

ताई, नमस्कार.

माझी सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

तिघांचे भाव वेगळे आहेत, कारण तिघे तुम्हाला तीन वेगवेगळी कामं विकताहेत. चौरस फुटाचा दर काढून त्यांची तुलना करू नका, त्यातून काहीच कळणार नाही. खाली खडी किती इंच आणि वर दाबून झाल्यावर डांबर किती इंच, हे दोन आकडे तिघांकडून लेखी घ्या. निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

मोटारीचा भार खरा पेलते ती खालची खडी. वरचा डांबराचा थर पाणी अडवतो आणि खडीला जागच्या जागी धरून ठेवतो. घरगुती ड्राइव्हवेला 6 ते 8 इंच खडी लागते, आणि तीसुद्धा क्रशरची, टोकदार, कच मिसळलेली. गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, चाकाखाली सरकतात. ही खडी एकदम ओतून वरवर रोलर फिरवला तर खालचा भाग पोकळच राहतो, म्हणून ती थराथराने पसरून दाबायची असते. जमीन चिकणमातीची असेल तर खडी वाढवावी लागते आणि माती व खडीच्या मध्ये जाड कापड अंथरावं लागतं, नाहीतर ओल्या दिवसांत चिखल वर चढतो आणि खडी खाली बुडते. जिथे जमीन गोठते तिथे तर खालच्या थरातून पाण्याचा निचरा झालाच पाहिजे. अडकलेलं पाणी गोठून फुगतं आणि सगळा ड्राइव्हवे उचलून टाकतं.

आता तुमच्या भेगांविषयी. जाळीदार भेगा याचा अर्थ खालचा पाया गेला. त्यावर दुसरा काँट्रॅक्टर म्हणतो तसा नवा थर टाकला तर त्याच भेगा त्याच जागी पुन्हा वर येतील. लांब, सुट्या दोनचार भेगा असत्या आणि पाया घट्ट असता तर मीही थर टाकायलाच सांगितलं असतं. ती पद्धत वाईट नाही, मात्र त्याआधी जुना पृष्ठभाग स्वच्छ करून टॅक कोट, म्हणजे नवा थर जुन्याला चिकटवणारा डांबराचा पातळ लेप, मारावा लागतो. दुसरं म्हणजे वरून थर टाकल्यावर पातळी दीड-दोन इंच वर येते. तुमच्याकडे गॅरेजपाशी आधीच पाणी साचतंय, ते मग थेट आत शिरेल. तेव्हा तुमच्या बाबतीत उखडणं आलंच.

पहिल्याच्या ‘2 इंच’मध्ये एक मेख आहे. गरम डांबर पसरतात तेव्हा ते सैल असतं आणि रोलरखाली साधारण पाचवा ते चौथा हिस्सा बसतं. म्हणजे पसरताना 2 इंच असलेला थर शेवटी दीड इंचाच्या आसपास उरतो. कोटेशनमध्ये ‘दाबून झाल्यावर’ हे शब्द हवेतच. घरच्या मोटारींसाठी चांगल्या खडीवर दाबून 2 इंच हे मी किमान मानतो, शक्य असेल तर अडीच ते 3 घ्या.

याचा पडताळा घेण्याचा साधा मार्ग वजनाचा आहे. दाबलेल्या डांबराचं वजन घनफुटाला साधारण 66 किलो भरतं. तुमचं 600 चौरस फुटांवर 2 इंच म्हणजे 100 घनफूट, म्हणजे साडेसहा टनांच्या जवळपास माल. 3 इंच घेतलंत तर जवळपास 10 टन. डांबराच्या प्लांटमधून निघणाऱ्या प्रत्येक ट्रकबरोबर वजनकाट्याची पावती येते. त्या पावत्यांच्या प्रती मला मिळाल्या पाहिजेत, असं करारातच लिहून घ्या. साडेसहा टनांच्या जागी चार टनांच्या पावत्या आल्या तर थर किती जाड पडला ते सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही.

पैसे कशाकशाला जातात, तेही लिहितो. जुनं उखडून वाहून नेणं, खोदाई, खडी, डांबराचा माल, मजुरी, आणि यंत्रं तुमच्या दारापर्यंत आणणं. हा शेवटचा खर्च लोकांच्या लक्षात येत नाही. रोलर, पेव्हर (डांबर पसरणारं यंत्र), ट्रक आणि माणसं आणायला छोट्या कामालाही तेवढेच पैसे पडतात, त्यामुळे लहान ड्राइव्हवेचा दर नेहमी चढा असतो. मालात वजनाने 95 टक्के खडी-वाळू आणि 5 टक्क्यांच्या आसपास शुद्ध डांबर असतं, पण त्या 5 टक्क्यांचा किमतीतला वाटा फार मोठा. डांबर कच्च्या तेलातून निघतं, तेल चढलं की हाही भाव चढतो. म्हणून कोटेशन किती दिवस ग्राह्य आहे ते विचारा. उखडलेलं डांबर मात्र वाया जात नाही, ते दळून नव्या मालात किंवा पायाच्या थरात वापरतात. तेव्हा ते टाकून देण्याचे पैसे कुणी भरमसाट लावले असतील तर कारण विचारायला संकोच करू नका.

उताराचं राहिलंच. दर फुटाला पाव इंच, म्हणजे सुमारे 2 टक्के, आणि तो गॅरेजपासून दूर जाणारा. जमिनीचा उतारच गॅरेजकडे असेल तर दारासमोर आडवी जाळीची गटार घालावी लागेल, आणि तिचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा दिसायला हवा. छपराच्या पन्हळीचा पाइप ड्राइव्हवेच्या कडेला सुटत असेल तर तोही आधी वळवून घ्या. कडेचे तुकडे निघताहेत म्हणालात, त्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

— माजी अध्यक्ष

---

विषय: पुन्हा: पुन्हा: ड्राइव्हवे नव्याने करायचा आहे

काकांनी कामाची बाजू सांगितली, मी पैशांची सांगते.

दारावर अचानक येऊन ‘जवळच काम चाललंय, माल उरलाय, आज केलंत तर अर्ध्या किमतीत’ असं म्हणणाऱ्यांना कृपया कुणीही उभं करू नका. आमच्या शेजारच्या आजींकडे अशी टोळी आली होती. दुपारभरात काळंभोर काहीतरी पसरून, रोख पैसे घेऊन गेले. पहिल्याच हिवाळ्यात सगळं सुटून आलं. ट्रकवर कंपनीचं नाव नव्हतं आणि दिलेला फोन बंद. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना हे लोक बरोबर हेरतात, त्याचा मला फार संताप येतो. आपल्यापैकी कुणाचे आईवडील इथे येऊन राहत असतील आणि दिवसा घरी एकटे असतील, तर त्यांना हे जरूर सांगून ठेवा.

विसार थोडाच द्यावा आणि उरलेली रक्कम काम पाहून झाल्यावर. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला नाही म्हणावं. विम्याचा कागद काँट्रॅक्टरच्या हातून घेण्यापेक्षा विमा कंपनीकडून थेट मागवावा. कामगाराला तुमच्या आवारात इजा झाली किंवा रोलरने शेजाऱ्याची भिंत पाडली तर तो कागद लागतो. प्लांटचे आणि खडीवाल्याचे पैसे चुकते झाल्याची लेखी पोचही शेवटचा हप्ता देण्याआधी घ्यावी. काही ठिकाणी काँट्रॅक्टरने पुरवठादाराचे पैसे बुडवले तर तो पुरवठादार तुमच्या घरावर बोजा चढवू शकतो.

ड्राइव्हवे सार्वजनिक रस्त्याला किंवा फुटपाथला जिथे मिळतो त्या भागासाठी पालिकेचा परवाना लागतो का, हे स्वतः फोन करून विचारा आणि तो कोण काढणार ते करारात घाला. खोदाईआधी गॅस, पाणी आणि विजेच्या लाइनींवर खुणा करून घेणं कुणाकडे, हेसुद्धा.

— खजिनदार

---

विषय: पुन्हा: पुन्हा: पुन्हा: ड्राइव्हवे नव्याने करायचा आहे

काका, ताई, तुमचे मनापासून आभार. तिघांनाही एकसारखे प्रश्न लिहून पाठवले: खडी किती, दाबून डांबर किती, उतार कुठे, वजनाच्या पावत्या देणार का.

पहिल्याने फोनवर सगळ्याला हो म्हटलं, पण लिहून द्यायला तयार नाही. खडी किती, या प्रश्नाला ‘आहे ती पुरेल’ एवढंच उत्तर. त्याला नकार कळवला. दुसऱ्याने पुन्हा येऊन पाहिलं, दोन ठिकाणी पहार मारून खालची माती बघितली आणि मान्य केलं की उखडावं लागेल. त्याचं नवं कोटेशन आता तिसऱ्याच्या बरंच जवळ आलंय. तिसऱ्याच्या दोन पानांत तर 8 इंच खडी, कापड, आडवी गटार, दाबून अडीच इंच, सगळं आधीच होतं. मला वाचता येत नव्हतं, एवढंच!

एक शंका. दुसरा म्हणतो, काम झालं की लगेच सीलकोटही (वरचा संरक्षक लेप) मारून देतो, एकदमच होऊन जाईल. घ्यावं का?

---

विषय: पुन्हा: सीलकोट

लगेच नको. नव्या डांबरातली हलकी तेलं उडून जाऊन ते कडक व्हायला वेळ लागतो. वरून लगेच लेप दिला तर ते मऊच राहतं. निदान काही महिने जाऊ द्या, पहिलं वर्ष गेलं तरी बिघडत नाही. पुढे दोनचार वर्षांनी एकदा पुरे. दरवर्षी मारायला सांगणारे भेटतील, ऐकू नका. लेप फार चढला की तोच सोलून निघतो.

काम कधी करायचं हेही ठरवून घ्या. माल प्लांटमधून सुमारे 150 अंश सेल्सिअसला निघतो आणि 80 च्या आसपास उतरला की रोलरखाली नीट बसत नाही. गार जमिनीवर पातळ थर बघता बघता थंड होतो. ‘उरलेला माल’ स्वस्तात देणाऱ्यांचा दावा म्हणूनच मला पटत नाही. उबदार, कोरडा दिवस निवडा. पावसाची शक्यता असेल तर काम पुढे ढकलणाऱ्या काँट्रॅक्टरवर रागावू नका.

काम झाल्यावर दोनतीन दिवस मोटार चढवू नका, कडक उन्हाळा असेल तर आणखी थांबा. पहिल्या उन्हाळ्यात मोटार जागच्या जागी उभी ठेवून स्टिअरिंग फिरवू नका, सायकलचा स्टँड किंवा शिडी टेकवायची असेल तर खाली फळी घाला. पेट्रोल किंवा ऑइल सांडलं तर लगेच धुवून काढा, डांबर त्यात विरघळतं. कडा 45 अंशांत ठोकून घेतल्यात ना ते पाहा आणि कडेला लागून माती भरून घ्या, आधाराशिवायच्या कडेवर चाक गेलं की ती तुटते.

शेवटचा हप्ता देण्याआधी नळी लावून सगळ्या ड्राइव्हवेवर पाणी सोडा. कुठे डबकं राहतंय ते काँट्रॅक्टरला तिथेच दाखवा.

— माजी अध्यक्ष

---

विषय: एकत्र काम करून घ्यायचं का?

मंडळी,

ही चर्चा वाचून मला आणखी दोन सभासदांचे फोन आले, त्यांचेही ड्राइव्हवे करायचे आहेत. यंत्रं आणायचा खर्च काकांनी सांगितलाच. जवळपासची तीन घरं लागोपाठच्या दिवसांत करायला दिली तर तो वाटला जाईल आणि दरही खाली यायला हवा. करार मात्र प्रत्येकाचा स्वतंत्र, मंडळ यात पैसे हाताळणार नाही.

ज्यांना सामील व्हायचं आहे त्यांनी ड्राइव्हवेची लांबी-रुंदी, भेगांचे आणि गॅरेजच्या उंबऱ्याचे फोटो, आणि पाणी कुठे साचतं ते मला थेट मेलवर पाठवावं, लिस्टवर नको. काकांनी पहिली पाहणी सोबत येऊन करायचं कबूल केलं आहे.

— चिटणीस